नोकरी गेली की डॉक्टरही जातो? अमेरिकेतल्या औषधोपचारांची मुळं

अमेरिकेतल्या नोकरकपातीच्या बातम्या आता आपल्याकडे घरोघर काळजीने वाचल्या जातात. मध्यंतरी नाशिकच्या माझ्या एका मैत्रिणीचा रात्री उशिरा फोन आला. तिकडे जावयाची नोकरी गेली होती आणि मुलीला सहावा महिना होता. व्हिसाचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिला कळत नव्हतं ते वेगळंच. "अगं, नोकरी त्याची गेली. मग हिची तपासणी का थांबावी? डॉक्टरीणबाई तर तिथंच बसल्यात ना?"

या प्रश्नाचं उत्तर देताना मला डॅलसच्या १९२९ सालच्या शाळामास्तरणींपर्यंत मागे जावं लागलं. "अमेरिका म्हणजे भांडवलशाही, तिथं असंच असायचं" हे उत्तर पुरत नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान हेही भांडवलशाही देशच आहेत, पण तिथं नोकरी गेली म्हणून उपचार तुटत नाहीत. जर्मनीत तर कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ साली झाला. अमेरिकेत तसं झालं नाही, याला कारण तिथला इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या पोटात एक समजूत आहे: मदत मिळते ती ज्याने ती कमावली आहे त्याला. ही समजूत लक्षात ठेवून तिथल्या दवाखान्याकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

## आधी चार शब्द

मेडिक्लेम घेतलेल्यांना यातलं निम्मं माहीत असतं.

हप्ता म्हणजे विम्यासाठी दरमहा भरायची रक्कम. अमेरिकेत नोकरदाराच्या हप्त्यातला मोठा भाग कंपनी भरते. २०२४ साली कंपनीमार्फत मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला साडेपंचवीस हजार डॉलर होता आणि त्यातले सुमारे सहा हजार तीनशे डॉलर कामगाराच्या पगारातून कापले जात होते. उरलेल्या एकोणीस हजारांचा आकडा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही. नोकरी गेली की मात्र तो समोर उभा राहतो.

दुसरा शब्द डिडक्टिबल. समजा कालव्याचं पाणी तुमच्या शेताला मंजूर आहे, पण अट अशी की हंगामातलं पहिलं अमुक इतकं पाणी स्वतःच्या विहिरीतून उपसायचं, ते झालं की मगच पाट सुटणार. तसं वर्षातल्या पहिल्या ठरावीक हजार-दोन हजार डॉलरचा खर्च रुग्णाचा, विमा त्यानंतर सुरू. आणि बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला मोजणी पुन्हा शून्यावर येते.

नेटवर्क म्हणजे विमा कंपनीचा करार असलेल्या डॉक्टरांची आणि रुग्णालयांची यादी. आपल्याकडच्या 'कॅशलेस' रुग्णालयांच्या यादीसारखीच. मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. नोकरी बदलली की विमा कंपनी बदलते, विमा कंपनी बदलली की यादी बदलते आणि यादी बदलली की डॉक्टर बदलतो. डॉक्टरीणबाई तिथंच बसलेल्या असतात, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट नोकरीतून गेलेली असते.

चौथा शब्द पूर्वपरवानगी. महागडी तपासणी किंवा शस्त्रक्रिया करण्याआधी विमा कंपनीची संमती घ्यावी लागते. अमेरिकेतल्या रुग्णांचा सगळ्यात जास्त राग बहुधा याच टप्प्यावर असतो.

## डॅलसच्या शिक्षिका

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पैसेवाला माणूस आजारी पडला तर डॉक्टर त्याच्या घरी येई. रुग्णालय हे ज्याला कुणी नाही त्याने जाण्याचं ठिकाण होतं. शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या, क्ष-किरण आले, तशी रुग्णालयं खरोखर उपयोगाची झाली आणि महागही झाली. बिलं थकू लागली.

डॅलसच्या बेलर रुग्णालयातही हेच चाललं होतं. तिथला कारभार पाहणारे जस्टिन किंबल हे पूर्वी शहराच्या शाळांचे प्रमुख होते. शिक्षकांची आर्थिक ओढाताण त्यांनी जवळून पाहिली होती. १९२९ साली त्यांनी शिक्षकांसाठी एक योजना काढली. दरमहा ५० सेंट भरायचे आणि गरज पडली तर वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार घ्यायचे. आपल्या भिशीसारखीच कल्पना, फक्त रक्कम उचलायची पाळी आजारपण ठरवणार. थोड्याच दिवसांत महामंदी आली. रिकाम्या खाटांकडे पाहत बसलेल्या इतर रुग्णालयांनीही ही कल्पना उचलली आणि त्यातून पुढे 'ब्लू क्रॉस' नावाच्या विमा योजनांचं जाळं उभं राहिलं.

दोन गोष्टी इथंच पक्क्या झाल्या. पहिली, विमा कामाच्या ठिकाणी गटाने घ्यायचा. त्यात शहाणपण होतं. विमा घरोघर विकला तर ज्याच्या पोटात आधीपासून दुखतंय तो पहिला धावत येतो आणि धडधाकट माणूस "पुढच्या वर्षी पाहू" म्हणतो. मग भिशीत पैसे टाकणारे कमी आणि उचलणारेच जास्त होतात. शाळेतल्या सगळ्या शिक्षिका एकदम घेतल्या की त्यात निरोगी आणि आजारी आपोआप मिसळतात. दुसरी गोष्ट, ही योजना रुग्णालयाने स्वतःचं उत्पन्न टिकवण्यासाठी काढली होती. उपचार कितीला पडतो, हा प्रश्न ना रुग्णाने विचारला, ना विमा देणाऱ्याने. पुढे खर्च बेसुमार का वाढला, त्याचं बीज मला इथं दिसतं.

## पगार गोठले आणि विमा वाढला

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना माणसं मिळेनात. पगार वाढवून माणसं पळवापळवी सुरू झाली असती तर महागाई भडकली असती, म्हणून १९४२ साली सरकारने पगार गोठवले. माफक प्रमाणात दिलेला विमा मात्र त्या बंधनातून वगळला. मग पगार वाढवता येत नाही तर आजारपणाचा विमा देऊ, असं म्हणत कारखानदार कामगार खेचू लागले.

युद्ध संपलं तरी ही सोय राहिली, कारण करकायदा तिच्या बाजूने होता. कंपनीने १०० डॉलर पगार म्हणून दिले तर त्यातून कर कापला जातो. तेच १०० डॉलर विम्याचा हप्ता म्हणून भरले तर पूर्ण १०० डॉलर कामी येतात. १९५४ च्या करकायद्याने ही सवलत पक्की केली. १९४० साली शंभरातल्या जेमतेम दहा अमेरिकनांकडे विमा होता, १९६० पर्यंत दोन-तृतीयांशाहून जास्त लोक विम्याखाली आले. आजही १५ कोटींहून अधिक लोकांचा विमा कुणाच्या ना कुणाच्या नोकरीतून येतो.

"उपचार नोकरीला बांधावेत" असा ठराव अमेरिकेत कुणी कधी मांडला नाही की मंजूर केला नाही. युद्धकाळातली तात्पुरती पळवाट होती, तिचा राजमार्ग झाला. पण तो लोकांना खटकला नाही, कारण त्यांच्या मनातल्या समजुतीशी तो जुळत होता. राबणाऱ्याला मिळालं, आणखी काय हवं?

## मग सरकारने पुढाकार का घेतला नाही?

घेतला होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी सगळ्या नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, त्याविरुद्ध कंबर कसून उतरली. प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर वर्गणी घेतली आणि प्रचारासाठी व्यावसायिक संस्था नेमली. आजारी मुलाच्या उशाशी चिंतेत बसलेल्या डॉक्टरचं एक जुनं प्रसिद्ध चित्र होतं. ते छापून त्याखाली लिहिलं, "या चित्रात राजकारण येऊ देऊ नका." शीतयुद्ध सुरू झालं होतं. 'समाजवादी वैद्यक' एवढे दोन शब्द लोकांना घाबरवायला पुरेसे होते.

याहून कमी बोललं जाणारं एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे होते, काही रुग्णालयांत तर कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. वॉशिंग्टनचा पैसा आला की त्यामागून वॉशिंग्टनचे नियमही येतील आणि ही वेगळी दारं मोडतील, अशी तिथल्या पुढाऱ्यांना धास्ती होती. संसदेतल्या मोक्याच्या समित्या त्यांच्याच हातात होत्या. १९४६ साली रुग्णालयं बांधायला केंद्राचा पैसा देणारा हिल-बर्टन कायदा झाला, त्यात 'वेगळे पण समान' ही तरतूद चक्क लिहिलेली होती. न्यायालयाने ती १९६३ साली रद्द केली.

जातीमुळे पाणवठा वेगळा असलेला समाज आपण महाराष्ट्रात पाहिलेला आहे. सगळ्यांसाठी एकच विहीर काढायची म्हटलं की "त्यांच्याबरोबर आम्ही पाणी भरायचं?" हा प्रश्न कसा पुढे येतो, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

## १९६५: म्हातारे आणि गरीब

नोकरीला बांधलेल्या विम्यातून दोन गट सरळ बाहेर पडतात. एक निवृत्त झालेले, दुसरे ज्यांना धड नोकरीच नाही ते. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या दोघांसाठीच्या कायद्यावर सही केली. त्यासाठी ते मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी ट्रूमन यांच्याकडे गेले आणि पहिलं कार्ड त्यांनाच दिलं.

पासष्टीपुढच्यांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड'. नावं सारखी, वागणूक वेगळी. मेडिकेअर केंद्राची, देशभर एकसारखी आणि आयुष्यभर पगारातून कर भरल्यामुळे मिळणारी. ती घेताना कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण ती कमावलेली असते. मेडिकेड राज्यांच्या हातात. तिथं आपण गरीब आहोत हे कागद दाखवून सिद्ध करावं लागतं. पिवळ्या रेशनकार्डासाठी तलाठ्याच्या दाखल्यामागे हिंडलेल्या माणसाला ती जाणीव ओळखीची वाटेल. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य विमा कायद्याने मेडिकेड वाढवायचं ठरवलं तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो निर्णय राज्यांवर सोडला. टेक्सससह दहा राज्यांनी ती वाढ अजून घेतलेली नाही.

१९६५ च्या या कायद्याने एक मोठं काम मात्र फार झपाट्याने केलं. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशावरून भेदभाव करता येणार नाही, असं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात होतं. मेडिकेअरचे पैसे हवेत तर वेगळे वॉर्ड बंद करा, असं रुग्णालयांना सांगितलं गेलं. १९६६ च्या जुलैत योजना सुरू झाली, तोवरच्या काही महिन्यांत हजाराहून जास्त रुग्णालयांनी ती विभागणी मोडली. इतकी वर्षं जे नीतीच्या गोष्टी सांगून झालं नव्हतं, ते पैशाच्या अटीने झालं.

## एका मूत्रपिंडात सगळा इतिहास

या इतिहासाचे सगळे धागे एका जागी पाहायचे तर डायलिसिसची गोष्ट पाहावी.

मूत्रपिंडं निकामी झाली की यंत्राने रक्त गाळावं लागतं. ते यंत्र आधीपासून होतं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागायची, म्हणून ते थोडेच दिवस वापरता येई. १९६० साली सिएटलचे डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातावर कायम ठेवता येईल अशी नळी बसवली. आठवडे मोजणारी माणसं आता वर्षानुवर्षं जगू शकणार होती. पण यंत्रं मोजकी आणि रुग्ण पुष्कळ.

मग कुणाला जगवायचं? डॉक्टरांनी आधी वैद्यकीय चाळणी लावली. त्यातून उरलेल्यांतली निवड करायला शहरातल्या सात जणांची समिती नेमली. त्यात वकील होता, धर्मगुरू होता, बँकवाला होता, गृहिणी होती, कामगार पुढारी होता. त्यांची नावं गुप्त ठेवली होती. लग्न झालंय का, मुलं किती, कमाई किती, शिक्षण काय, चर्चला जातो का, समाजाच्या उपयोगाचा आहे का, हे पाहून ही माणसं ठरवत होती की यंत्र कुणाला द्यायचं. ज्यांना मिळालं नाही ते गेले.

१९६२ साली हे एका मोठ्या साप्ताहिकात छापून आलं आणि देश हादरला. समितीतली माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. सामान्य अमेरिकन माणूस 'लायक' कुणाला म्हणतो, एवढंच त्यांनी प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं आणि तो कागद वाचवेना. वैद्यकीय नीतिशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून अमेरिकेत पुढे आला, त्यामागे या समितीचा मोठा वाटा आहे.

नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना तिथंच स्वतःला डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला वय काहीही असो, मेडिकेअर मिळू लागली. अमेरिकेत असा हा जवळजवळ एकच आजार आहे, ज्यात तरुण माणसालाही उपचाराचं सरकारी आश्वासन आहे. कर्करोगाला नाही, हृदयविकाराला नाही. पण इथंही अट आहेच. तुम्ही स्वतः, जोडीदाराने किंवा आईवडिलांनी पुरेशी वर्षं काम करून कर भरलेला असला पाहिजे. कमाईची समजूत इथंही सुटलेली नाही.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग. मूत्रपिंडं किती काम करतात हे, स्नायूंतून रक्तात येणाऱ्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून एका सूत्राने काढतात. १९९९ पासून रूढ झालेल्या सूत्रांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेला आकडा १६ ते २१ टक्क्यांनी वाढवायचा नियम होता. त्यांचे स्नायू सरासरीने जास्त असतात, अशी समजूत त्यामागे होती. कागदावर हे किरकोळ दिसतं. पण प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत दिवस मोजले जाऊ लागतात ते हा आकडा २० किंवा त्याखाली आला की. दोन माणसांचा आकडा १८ आला. एकाचं नाव आज यादीत गेलं. दुसऱ्याचे १८ वाढून २१ झाले आणि त्याला "अजून वेळ आहे" म्हणून घरी पाठवलं. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के आहेत, मूत्रपिंडं निकामी झालेल्यांत ते ३० टक्क्यांच्या आसपास आहेत.

हे कुणी द्वेषापोटी केलं नव्हतं. संशोधकांना वाटत होतं की आपण अचूक मोजतोय. पण कृष्णवर्णीयांचं शरीर मुळात वेगळं असतं, ही कल्पना गुलामगिरीच्या काळापासून अमेरिकी वैद्यकात मुरलेली होती, त्यामुळे असा गुणाकार कुणाला खटकला नाही. २०२१ साली तज्ज्ञ समितीने वंश वगळून नवं सूत्र दिलं. जानेवारी २०२३ पासून, जुन्या सूत्रामुळे मागे राहिलेल्या रुग्णांचे प्रतीक्षेचे दिवस दुरुस्त करून देण्याचा नियम लागू झाला.

## डॉक्टर रुग्णाला सगळं तोंडावर का सांगतात?

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना याचा धक्का बसतो. आपल्याकडे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात, "आईंना आत्ता काही बोलू नका." तिकडे ते आईंसमोर बसतात आणि आईंनाच सांगतात. भाषा येत नसेल तर फोनवर दुभाषी घेतात. मुलाने "मी सांगतो त्यांना" म्हटलं तरी बहुधा ऐकत नाहीत.

हे तिथं कायमचं नव्हतं. १९६१ साली तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा शंभरातले ९० म्हणाले की कर्करोग झाल्याचं रुग्णाला सांगणं आम्ही टाळतो. १९७९ साली तसाच प्रश्न विचारला तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत चित्र पार उलटलं.

मधल्या काळात खूप काही घडलं. "सज्ञान माणसाच्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचाच" हे तत्त्व न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ सालीच सांगितलं होतं, पण ते बरीच वर्षं पुस्तकात पडून होतं. त्याला जीव आला तो नागरी हक्कांच्या आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळींमुळे, आणि जुलै १९७२ मध्ये फुटलेल्या एका बातमीमुळे. अलाबामातल्या टस्कीगी भागात सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ पासून सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला होता. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना ते सांगितलं नाही. "तुमचं रक्त खराब आहे" म्हटलं, जेवण दिलं, अंत्यविधीच्या खर्चाची हमी दिली. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं, तेही त्यांना मिळू दिलं नाही. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो, हे चाळीस वर्षं नोंदवत राहिले. माणसं मेली, बायकांना लागण झाली, मुलं रोग घेऊन जन्माला आली.

१९७४ साली संशोधनाबद्दलचा कायदा झाला. आज कुठल्याही चाचणीआधी जी समजावून घेतलेली संमती लागते, तिच्यामागे ही माणसं आहेत. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये देशाच्या वतीने माफी मागितली. करोनाकाळात कृष्णवर्णीय वस्त्यांत लशीबद्दल संशय दिसला, तेव्हा अनेकांनी तो अज्ञानाच्या खाती टाकला. मला त्यात आठवण दिसते.

रुग्णालयात दाखल होताना "अखेरच्या काळात कृत्रिम श्वास हवा का, तुमच्या वतीने कुणी ठरवायचं?" असा कागद पुढे येतो, तोही याच बदलातून आला. १९९० च्या कायद्याने त्याची विचारणा बंधनकारक केली. आईंसाठी फोनवर दुभाषी मिळतो त्यामागे १९६४ चा तोच नागरी हक्क कायदा आहे, ज्याने वेगळे वॉर्ड मोडले.

## डॉक्टर कुणी व्हायचं?

इथं आपलं एक माणूस येतं. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. अमेरिका उदार म्हणून त्यांना दार उघडं मिळालं, असं आपण मानतो. खरं तर बाकीची दारं अमेरिकन बायकांनाही बहुतेक बंद होती, म्हणून १८५० साली हे वेगळं महाविद्यालय काढावं लागलं होतं.

पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय विद्यालयं पाहून अहवाल दिला. प्रयोगशाळा नसलेली, फी घेऊन पदव्या वाटणारी कितीतरी दुकानं त्यानंतर बंद झाली आणि अमेरिकी वैद्यक शास्त्रशुद्ध झालं. हे मोठं काम आहे. पण कृष्णवर्णीयांची सात विद्यालयं होती, त्यातली पाच त्या काळात बंद पडली आणि दुसरीकडे त्यांना प्रवेश मिळत नव्हता. आजही तिथल्या डॉक्टरांत कृष्णवर्णीय पाच-सहा टक्केच आहेत. दर्जा वाढला आणि डॉक्टर होणं महाग झालं. कमी पडणारे डॉक्टर १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर बाहेरून येऊ लागले, त्यात भारतीय पुष्कळ. आज तिथल्या चार डॉक्टरांमागे एक परदेशात शिकलेला आहे.

## "पण जगातलं उत्तम वैद्यक तिथंच आहे ना?"

नवी औषधं, शस्त्रक्रिया, कर्करोगाचं संशोधन यांत अमेरिका पुढे आहे आणि त्याचा फायदा सगळ्या जगाला होतो. पण उत्तम उपचार असणं आणि ते माणसापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ साली अमेरिकेने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के. १९६० साली हे प्रमाण पाच टक्के होतं. एवढं करून त्या वर्षी सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षं होतं, जपानात ते ८४ च्या घरात होतं. सुमारे अडीच कोटी लोकांकडे तेव्हा विमाच नव्हता.

## "मग ते बदलत का नाहीत?"

कारण प्रत्येक जुन्या सोयीवर आज कुणाचं तरी घर चालतं. रुग्णालयांचा, विमा कंपन्यांचा, औषध कंपन्यांचा खर्च म्हणजे कुणाचं तरी उत्पन्न आहे. आणि ज्यांचा विमा बरा चाललाय अशा कोट्यवधी नोकरदारांना आहे ते हातचं जाईल याची भीती वाटते. सगळ्यांना विमा देण्याची क्लिंटन यांची योजना १९९४ साली त्या भीतीपुढे टिकली नाही. ओबामांनी २०१० साली जुनी इमारत पाडली नाही, तिला खोल्या जोडल्या. पूर्वी स्वतः विमा घ्यायला गेलेल्या माणसाला मधुमेह आहे म्हणून, बाई गरोदर आहे म्हणून विमा नाकारता येत असे. ते या कायद्याने बंद केलं. माझ्या मैत्रिणीच्या लेकीच्या दृष्टीने अमेरिकेच्या संसदेने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

## त्या रात्री फोनवर

इतिहास सांगून मैत्रिणीचा जीव खाली पडला नसता, म्हणून आधी तिला करायच्या गोष्टी सांगितल्या. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीतून नोकरी गेली तर 'कोब्रा' नावाच्या कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. डॉक्टर तीच राहते. पण कंपनी भरत होती तो भागही आता स्वतः भरायचा आणि वर दोन टक्के. हे कळवायला ६० दिवस मिळतात आणि विमा मागच्या तारखेपासून धरला जातो, त्यामुळे मधल्या आठवड्यांतली तपासणी रद्द करू नका. दुसरी वाट म्हणजे ज्याचा त्याने विमा घेण्यासाठी असलेल्या सरकारी बाजारपेठेतून नवा विमा घ्यायची. वास्तव्य कायदेशीर असेल तर नोकरीचा विमा तुटल्यापासून ६० दिवसांत तो घेता येतो. फक्त डॉक्टरीणबाई आणि प्रसूतीचं रुग्णालय त्याच्या यादीत आहेत का, ते आधी फोन करून विचारायचं. आणि कळा सुरू झाल्या, त्या वेळी काहीच हातात नसलं, तरी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. १९८६ च्या कायद्यामुळे ते पैशासाठी परत पाठवू शकत नाहीत. बिल मात्र नंतर येतं.

"साठ दिवस म्हणजे कधीपासून?" तिने विचारलं. तारीख लिहून घेतली आणि लेकीला फोन लावायला तिने माझा फोन ठेवला. तिकडे तेव्हा सकाळ झाली होती.